राब-३८ : रॅटच्या शरीरातील एक जनुक

काम काय? या जनुकापासून बनणारे राब-३८ हे लहान जीटीपीएज प्रथिन. जीटीपी हा रेणू जोडलेला असताना ते चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद. रंगपेशींमध्ये ते रंगद्रव्य तयार करणारी विकरे मेलॅनोसोम या रंगकणांपर्यंत पोहोचवते. राब-३२ हे त्याचे जवळचे भावंड. बरेचसे काम दोघे वाटून घेतात.

बिघाड कुठे? फॉन-हूडेड जातीच्या रॅटमध्ये या जनुकाच्या आरंभ-संकेतातच एका अक्षराचा बदल आहे. त्यामुळे प्रथिन तयारच होत नाही. ‘रुबी’ नावाने आधीपासून माहीत असलेला दोष म्हणजे हाच, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. टेस्टर-मोरियामा जातीतही नेमका तोच बदल सापडला. दोन्हींचे मूळ लाँग-इव्हान्स रॅटमध्ये.

दिसते काय?
- फिकट केस, लालसर डोळे.
- रक्तातील बिंबिकांमधील (प्लेटलेट) सेरोटोनिन साठवणारे घनकण सदोष. जखम झाल्यास रक्त थांबायला वेळ लागतो. या लक्षणामुळे फॉन-हूडेड जात रक्तविकारांच्या अभ्यासात महत्त्वाची ठरली.
- फुप्फुसात पृष्ठताण कमी करणारा द्रव साठवणारे कण फुगलेले.
- लघवीतून प्रथिने जाण्याशीही संबंध.

गल्लत नको : ‘चॉकलेट’ या तपकिरी केसांच्या जातीतही राब-३८ बिघडलेले असते, पण तो प्राणी माउस, रॅट नव्हे, आणि तिथला जनुकबदलही वेगळा.

माणसाशी नाते : फिकट त्वचा आणि रक्तस्रावाची प्रवृत्ती ही माणसातील हर्मान्स्की-पुडलाक या आनुवंशिक विकाराचीही लक्षणे. त्याची पहिली नोंद १९५९ची. त्यात बिघडणाऱ्या एचपीएस-१ आणि एचपीएस-४ या प्रथिनांची जोडी राब-३८ला चालू करते.