घरात पेटी-तबला आहे, आता तानपुरा हवाय? मिरजेला जाण्याआधी हे वाचा

सातारा, कराड किंवा सांगलीतले गाणे शिकणारे कुठलेही घर घ्या. कोपऱ्यात आजोबांची पेटी असते, कपाटावर तबला-डग्गा आणि भिंतीला दादाने हौसेने घेतलेली गिटार. गाण्याची परीक्षा देणारी मुलगी मात्र रियाज करते तो मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर. मध्यमा परीक्षा जवळ आली की क्लासमधल्या बाई एकदा तरी म्हणतातच, ‘आता घरात एक तानपुरा घ्या.’ आणि घरात चर्चा सुरू होते. एवढी वाद्ये असताना आणखी एक कशाला? घ्यायचा तर खरा की इलेक्ट्रॉनिक? मिरज जवळ आहे खरी, पण तिथे जाऊन बघायचे काय?

सुरुवात पहिल्या प्रश्नापासून करू, कारण त्याचे उत्तर घरातल्या पेटीतच आहे.

पेटीत नसलेला गंधार

पेटी आणि गिटार ही दोन्ही वाद्ये सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून जुळवलेली असतात. त्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवता येते, ही मोठी सोय. पण या सोयीसाठी जवळपास प्रत्येक स्वर आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडा हलवावा लागतो. षड्ज २४० हर्ट्झवर धरला तर त्याच्याशी पूर्ण मिसळणारा शुद्ध गंधार येतो ३०० हर्ट्झवर. पेटीवरचा गंधार मात्र जवळपास ३०२.४ हर्ट्झवर बोलतो. आकडा किरकोळ वाटेल, पण तयार कानाला तो चढा स्वर लगेच टोचतो. रोज पेटीबरोबरच गाणाऱ्या मुलांच्या गळ्यात तोच चढा गंधार बसण्याची शक्यता असते.

तानपुऱ्यात गंधाराची वेगळी तार नसते. तरीही खर्जाची तार नीट लागली की तिच्यातूनच गंधार ऐकू येतो. तार आपल्या मूळ कंपनसंख्येबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशीही कंप पावते. त्यातली पाचवी पट म्हणजे नैसर्गिक गंधार. घरातल्या बाकी वाद्यांत जे नाही, नेमके तेच तानपुरा आणतो.

या भागाला हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि त्या काळात मोजमापासाठी त्यांना साथ होती किराणा घराण्याच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची. शंभर वर्षांपूर्वी सांगली-मिरजेत स्वरांचे आकडे मोजले जात होते, हे आज ॲपमध्ये ट्यूनर उघडणाऱ्यांना ठाऊक असायला हरकत नाही.

शस्त्रे करणाऱ्या हातांत तारा

मिरजेत तानपुरे-सतारी बनू लागल्या त्या १८५० च्या सुमारास. पटवर्धनांच्या संस्थानात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर होते. शस्त्रांचे काम आटले, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता स्वतः वाद्ये घडवायला सुरुवात केली. ‘सतारमेकर’ हे आडनाव तिथूनच आले. पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गवई आणि कारागीर एकाच गावात राहिले की वाद्य सुधारत जाते. मिरजेच्या नावामागचे अर्धे कारण हेच असावे.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून. हा खायचा भोपळा नव्हे, जाड सालीचा कडू भोपळा. वेलावर तो मोठा होऊ देतात, मग महिनोन् महिने वाळवतात. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी) साधारणपणे तून लाकडाची. ते वजनाला हलके आणि कामाला मऊ असते.

२०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोघांना स्वतंत्र भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. ग्राहकासाठी याचा अर्थ मर्यादित आहे, पण उपयोगाचा आहे. नोंदणीकृत वापरकर्ता असलेल्या उत्पादकालाच ते नाव आणि चिन्ह अधिकृतपणे लावता येते. त्यामुळे दुसरीकडचा माल ‘मिरजेचा’ म्हणून खपवणाऱ्याला जाब विचारता येतो. मात्र समोरचा तानपुरा उत्तम वाजेल, याची हमी टॅग देत नाही. ती परीक्षा कानानेच करावी लागते.

‘पट्टी कुठली?’

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नसतो, पट्टीचा असतो. इथेच सर्वांत महागडी चूक होते. घरातल्या कुणाचा तरी जुना, मोठा तानपुरा मिळतोय म्हणून तो मुलीसाठी घेतला जातो आणि तिच्या स्वरात तो लागतच नाही.

पुरुषांचा आवाज बहुधा काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास असतो. स्त्रिया आणि लहान मुले काळी चार-काळी पाचमध्ये गातात. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ, तर काळी पाचचा सुमारे २३३. तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवून स्वर एवढा चढवायचा तर ताण २.८ पटींहून जास्त वाढवावा लागतो. तेवढ्यात तार तुटते, किंवा घोडी आणि तबलीवर नको तेवढा दाब येतो. म्हणूनच पुरुषांचा तानपुरा साडेचार-पाच फुटांचा, जाड तारांचा आणि स्त्रियांचा चार फुटांच्या आसपासचा, बारीक तारांचा असतो. पट्टी बाईंना विचारून कागदावर लिहून न्यावी. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल आणि आवाज फुटायचा असेल, तर खरेदी वर्षभर पुढे ढकललेली बरी.

घोडीवरचा दोरा

तानपुऱ्याचा जीव जवारीत असतो. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि त्यातून वरचे स्वर फुलतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा मिळवायची. सर सी. व्ही. रामन यांना याच गोष्टीचे कुतूहल वाटले होते. ज्या बिंदूवर तार छेडली, तिथे स्थिर राहणारे वरचे स्वर त्या तारेत उमटता कामा नयेत, असा भौतिकशास्त्राचा नियम सांगतो. तानपुऱ्यात ते खुशाल उमटतात, हे त्यांनी १९२१ च्या निबंधात दाखवले.

दुकानात हे असे तपासायचे. चारही तारा स्वरात लावून घ्यायच्या. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. मग एक-एक तार वेगळी छेडून ती विझेपर्यंत ऐकायची. नाद आधी थोडा वर चढून मग लांबत जायला हवा. ‘टण्ण’ करून लगेच बसला तर जवारी बंद आहे, पत्र्यासारखा खरखरला तर जास्त खुली. दोन्ही दोष कारागीर तिथल्या तिथे कानशीने घासून काढू शकतो, म्हणून लाजू नये, सांगावे. चारही तारांचा पोत सारखा हवा. एक तार झणझणते आणि शेजारची मुकी, असा तानपुरा सजावट कितीही सुंदर असली तरी ठेवून द्यावा.

बाकी तपासणी डोळ्यांची. दांडी एका टोकाकडून बंदुकीसारखी नजरेच्या रेषेत धरून बाक आहे का पाहावे. भोपळ्यावर बोटाने हलके टिचकी मारत फिरावे. चिरेपाशी आवाज फुटका येतो. भोपळा आणि दांडी जुळते त्या गळ्याच्या सांध्याकडे नीट बघावे. तारा लावल्यावर दहा-पंधरा मिनिटे गप्पा माराव्यात आणि पुन्हा ऐकावे. खुंटी सरकत असेल तर तेवढ्यात कळते.

पैसे कुठे वाचवायचे

मिरजेचा नवा तानपुरा म्हणजे पाच आकडी खर्च. त्या रकमेत नेमके काय आहे, हे समजले तर बचत करता येते. दांडीवरची पाने-फुले, भोपळ्यावरचे कोरीवकाम, पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी यांना कारागिराचे दिवस लागतात आणि किंमत चढते. आवाजात त्यामुळे सांगण्यासारखा फरक पडत नाही. विद्यार्थ्यासाठी साधा, बिननक्षीचा, पण मुरलेल्या लाकडाचा तानपुरा मागावा. भोपळा, लाकूड आणि जवारी या तिन्हींवर मात्र तडजोड नको.

जुने वाद्य हा दुसरा मार्ग. चांगल्या घरातला, वर्षानुवर्षे वाजलेला तानपुरा नव्याहून सरस निघू शकतो. तारा बदलणे आणि जवारी काढणे हा खर्च धरूनच भाव करावा. एक सावधगिरी घ्यायलाच हवी. जुन्या वाद्यांवर कधी हस्तिदंताची घोडी किंवा नक्षी असते. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तसे वाद्य विकत घेण्याच्या फंदात पडू नये. आजच्या घोड्या उंटाच्या हाडाच्या, लाकडाच्या किंवा कृत्रिम साहित्याच्या असतात.

तिसरा मार्ग भोपळ्याशिवायच्या, चपट्या पेटीसारख्या प्रवासी तानपुऱ्याचा. फ्लॅटमध्ये मावतो, एसटीत मांडीवर घेता येतो. काहींना आत पिकअप बसवलेला असतो, म्हणजे गिटारसारखी वायर जोडून स्पीकरवर लावता येतो. नाद भोपळ्याएवढा भरदार नसतो, पण तारा खऱ्या, जवारी खरी. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हा पर्याय सुचवावासा वाटतो.

मग मोबाइलवरच्या तानपुऱ्याचे काय?

इलेक्ट्रॉनिक तानपुरा ही काही कालपरवाची गोष्ट नाही. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी तो १९७९ मध्ये तयार केला. आज असे यंत्र चार-पाच हजारांपासून मिळते आणि ॲप तर त्याहून स्वस्त. ज्यांना रोज सकाळी सहा वाजता वीस मिनिटे गायचे आहे आणि तारा लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी ते चांगलेच आहे. कमी लेखायचे कारण नाही.

अडचण मोबाइलच्या स्पीकरची. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा इवलासा स्पीकर तेवढा खालचा स्वर वाजवूच शकत नाही. आपल्याला वरचे स्वर ऐकू येतात आणि मेंदू खालचा भरून काढतो. म्हणजे ज्या स्वरावर टेकून गायचे, तोच खोलीत नसतो. फोन मोठ्या स्पीकरला जोडला तर बराच फरक पडतो. ज्यांचे बजेट यंदा जमत नाही, त्यांनी आधी एवढे तरी करावे.

पण तारा लावणे हे शिक्षणही असते. खुंटीने जवळ आणायचे, घोडीखालचा मणी केसभर सरकवून नेमके जुळवायचे, दोन जोडांमधली थरथर नाहीशी होईपर्यंत ऐकत राहायचे. ॲपमध्ये ते काम आधीच झालेले असते. औंधच्या संगीत महोत्सवासारख्या मैफलीत गवई गाण्याआधी तानपुरे जुळवत बसतात. त्या वेळी कंटाळून मोबाइल काढणाऱ्यांनी एकदा नुसते तेच ऐकून पाहावे.

घरी आणल्यावर

साताऱ्याहून मिरज रेल्वेने एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. सांगलीकरांना तर रिक्षाने जाता येते. या जवळ असण्याची किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते. रोजच्या वापराने घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. मुंबई-पुण्याच्या गायकांना त्यासाठी कारागिराची वाट पाहावी लागते, इथल्यांना सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणता येतो. घेतानाच तारांचा एक जादा संच आणि तार बांधायची रीत शिकून घ्यावी. नुसता व्हिडिओ पाहून ते नीट जमत नाही.

प्रवासात तानपुरा आडवा ठेवायचा तर तबलीवर भार येऊ देऊ नये आणि तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवाव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, उन्हाळ्यात आकसून सरकतात. सरकणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावली की ती धरते. भिंतीला थेट टेकवून, ओल येणाऱ्या कोपऱ्यात तो उभा करू नये.

नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस ताणत राहतात, त्यामुळे तानपुरा रोज उतरलेला सापडेल. तो बिघाड नव्हे. तारा स्थिरावल्यावरही एखादी मुकी वाटली, तर आधी दोरा केसभर पुढे-मागे करून पाहावा. तरीही बोलली नाही, तर मिरजेला फोन करावा.