सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात खाली

प्रेझेंटेशन करणाऱ्या प्रत्येकाने कोलंबिया यानाची ती एक स्लाइड बघावीच, असं मी भेटेल त्याला सांगतो.

१६ जानेवारी २००३. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. कल्पना चावलांसह सात जण अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नासासाठी स्लाइड्स केल्या. त्यातल्या एकीचं शीर्षक वाचून वाटावं, सगळं ठीक आहे. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांचे उपमुद्दे, त्यांचीही पिल्लं. आणि अगदी तळाशी खरी गोष्ट: ज्या चाचणीच्या भरवशावर ते शीर्षक होतं, तिच्यातला तुकडा ३ घन इंचांचा, प्रत्यक्षातला अंदाजे १९२० चा. म्हणजे ६४० पट!

१ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. अपघात स्लाइडमुळे झाला नाही, पण चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडचा समाचार घेतला. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली तिची चिरफाडही त्यात आहे.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत १९६३ साली रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांची 'पिरॅमिड' पद्धत या स्लाइडच्या नेमकी उलटी: निष्कर्ष आधी, कारणं नंतर, आकडे त्यांच्या आधाराला. आपण मात्र 'विक्री आढावा' असं शीर्षक देऊन मोकळे होतो. त्याऐवजी 'माल उशिरा पोचल्याने विक्री घटली' लिहा की! साहेब पहिल्याच ओळीवर प्रश्न विचारतील, हे खरं. विचारू देत.

उद्याच्या मीटिंगची फाइल उघडा आणि शेवटची स्लाइड पहिली करून बघा. काय झालं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.