गिअर बदलला, पण कळलाच नाही!

गाडी चालवणाऱ्याला गिअर जमलाय की नाही, हे शेजारी बसलेल्याच्या मानेला विचारा. मान डुलली नाही, तर जमला! शिकाऊ हातांना मात्र पहिले काही दिवस गचके ठरलेलेच. क्लच सुटतो, गाडी हिसका देते आणि ऐन सिग्नलला बंद पडते. यामागचं गणित अगदी सोपं आहे: इंजिनाचा वेग चाकांच्या वेगाशी जुळला, की गचका बसत नाही. त्या जुळणीच्या या काही गमती.

१. चौदा फेऱ्या, एक चाक
लहान गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना इंजिन साधारण १४ वेळा फिरतं, तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं. पाचव्यात तेच काम तीन-साडेतीन फेऱ्यांत होतं. म्हणून पहिला गिअर ताकदीचा आणि पाचवा धावेचा.

२. सगळ्यांत मोठी उडी
पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना अनेक गाड्यांत इंजिनाचा वेग जवळपास निम्म्यावर यावा लागतो. मिनिटाला २५०० फेऱ्या चालू असतील, तर दुसऱ्यासाठी १३५० च्या आसपास. चौथ्यावरून पाचव्यावर जाताना ही उतरण बरीच कमी असते. नवशिक्यांचे बहुतेक गचके पहिल्या-दुसऱ्याच्या मध्येच बसतात ते यामुळे. तिथे घाई करू नका. इंजिनाचा आवाज खाली आला, की मग क्लच सोडा.

३. गिअर 'पडतो' म्हणजे काय?
आपण गिअर 'टाकतो' आणि तो 'पडतो'. पण आजच्या गाड्यांत पुढे जाण्याचे सगळे गिअर कायम एकमेकांत दात अडकवून फिरत असतात. दांडा हलवला, की आत फक्त एक कडं सरकतं आणि हवा तो गिअर शाफ्टला जोडला जातो.

४. वेग जुळवणारी रिंग
हे कडं बसण्याआधी एक छोटी रिंग घासून दोन्हीकडचा वेग सारखा करते. हेच सिंक्रोमेश. अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याची ही देणगी १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आली. रिंगला काम करायला क्षणभर वेळ लागतो. दांडा मुठीत आवळून ढकलू नका, तळव्यानं अलगद न्या. अडला, तर तेवढं थांबा.

५. डबल क्लचची विद्या
सिंक्रोमेश नव्हतं, तेव्हा हे काम चालकाचे पाय करत. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. जुन्या ट्रकचालकांनी हे सगळं कानानं साधलं होतं. आवाज जुळला, की गिअर पडायचा. नाही जुळला, तर खर्रर्र!

६. रिव्हर्सचा 'ऊंऽऽ'
पुढे जाण्याच्या गिअरचे दात तिरपे कापलेले असतात. ते हळूहळू एकमेकांत शिरतात, म्हणून आवाज कमी. रिव्हर्सचे दात बहुतेक गाड्यांत सरळ, म्हणून तो गुणगुणतो. अनेक गाड्यांत त्याला सिंक्रोमेशही नसतं. त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही.

७. बर्थाबाईंचा तिसरा गिअर
ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभराहून जास्त किलोमीटर आणि गाडीला गिअर दोनच! चढावर गाडी ढकलावी लागली. या प्रवासाच्या अनुभवातून त्यांचे पती आणि ती गाडी बनवणारे कार्ल बेंझ यांनी चढासाठी आणखी एक गिअर दिला.

८. पहिला गिअर लांब का?
आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, तरी गिअरची मांडणी सहसा अमेरिकेतल्यासारखीच असते. तिथे पहिला गिअर चालकाच्या जवळ येतो, आपल्याकडे लांब. क्लच मात्र दोन्हीकडे डाव्याच पायाखाली. पुण्यात शिकून अमेरिकेत गेलेल्यानं तिथे गिअरची गाडी घेतली, तर त्याला हात बदलावा लागतो, पाय नाही.

९. उतारावर न्यूट्रल? मुळीच नको!
घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकणारे आजही भेटतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हिशोब उलटा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधन जवळजवळ बंद होतं, कारण चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. जुने चालक सांगतात ते खरं: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

१०. परीक्षेतही हेच
१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या चाचणीसाठी काय काय यावं, ते लिहिलेलं आहे. उतारावर झटकन खालचा गिअर टाकणं त्यात आहे. तीव्र चढावर थांबून, गाडी मागे न सरकू देता पुन्हा अलगद निघणंही आहे. गोल फिरून, आठचा आकडा काढून परवाना हाती आला, तरी या दोन गोष्टी येईपर्यंत शिकणं थांबवू नका.

आणि आता सराव. सपाट, मोकळं मैदान गाठा. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका. पहिला गिअर टाकून फक्त क्लच हळूहळू सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज जरासा दबतो आणि गाडी पुढे सरकू लागते. ती जागा डाव्या पायाला पाठ झाली पाहिजे. दहादा करा, वीसदा करा. गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्यानंही गाडी अशीच बंद पाडत शिकलेली असते.