धाकाने मूल गप्प बसते, घडत नाही

मुलांच्या शिक्षणासाठी आपले आईबाप पोटाला चिमटा घेतात. फी, वह्या, गणवेश, शिकवणी यांत काही कमी पडू देत नाहीत. मात्र मुलाच्या मनात काय चालले आहे, याची विचारपूस राहून जाते. बाप रात्रपाळी करून येतो, आई चार घरची कामे उरकून येते. मग मूल रडले, रुसले, भांडले की दम देऊन नाहीतर चापट मारून त्याला गप्प करणे सोपे वाटते. पालकहो, असे मूल गप्प बसते खरे, पण शिकते काय? आपले दुःख मोठ्यांना सांगायचे नाही, एवढेच!

राग, भीती, लाज, मत्सर लहान मुलालाही वाटतात. फक्त ते सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात. म्हणून ते वस्तू फेकते, धाकट्याला मारते, नाहीतर ऐन शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणते. पोटदुखी डॉक्टरांना जरूर दाखवावी. पण रोज शाळेच्याच वेळी दुखत असेल, तर ‘नाटक करतोस’ म्हणण्याआधी शाळेत काय घडते ते शांतपणे विचारावे. ‘मुलगा असून रडतोस?’ याऐवजी ‘तुला राग आला ना? काय झाले?’ असे विचारून पाहा. राग येणे गैर नाही, पण रागात मारणे गैर आहे, हे मुलाला अशानेच कळते. दोघा भावंडांचे भांडण झाले तर दोघांचेही पुरते ऐकावे आणि ‘आता काय करायचे?’ हे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि शेजारच्या मुलाचे मार्क सांगून आपल्या मुलाला चारचौघांत हिणवू नये.

मानहानी मूल विसरत नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेस पडला. त्यांनी आपुलकीने चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शिक्षकाची मायेची नजर मुलाला किती बळ देते, ते यावरून कळावे.

शिक्षक बंधू-भगिनींना म्हणूनच एक विनंती आहे. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असे भर वर्गात म्हणू नये. ते काम बाजूला बोलावून होते. बाकांवरच्या जागा आलटूनपालटून द्याव्यात. मॉनिटरपण आणि झाडलोट, दोन्ही सर्व मुलामुलींच्या वाट्याला यावे. बरोबर बसल्याने आणि बरोबर काम केल्याने मैत्री जमते, भीड चेपते.

कायदाही मुलांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना मनाई आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. ही जागा आपली आहे. मातांनी सही करून परत येऊ नये, बैठकीत बसावे, बोलावे. मूल संकटात असेल तर १०९८ हा मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो. हा क्रमांक मुलांनाही पाठ करून द्यावा.

या सगळ्याला पैसा लागत नाही. जेवताना टीव्ही आणि मोबाईल बंद करून दहा मिनिटे मुलाला बोलू द्यावे. मार्क नंतर विचारावेत. आधी विचारावे, ‘आज कोणाबरोबर खेळलास? कोणी दुखावले का?’ ज्या मुलाचे घरात ऐकले जाते, ते उद्या बाहेर अन्याय झाला तर मान वर करून बोलते, आणि दुसऱ्यावर होत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहते.