माहूरच्या कॉलेजाचा हक्क सांगणारा कायदा

माहूरला आलेला भाविक रेणुकामातेचे दर्शन घेतो, दत्तशिखरावर जातो, वेळ उरला तर पांडवलेणी पाहून परततो. याच गावात श्री रेणुकादेवी महाविद्यालय आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. संशोधनाची रुजवात नुकती कुठे होते आहे, अशा संस्थांचा विचार संसदेच्या एका कायद्यात स्पष्ट शब्दांत केलेला आहे. ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन कायदा, २०२३’ हे त्याचे नाव.

ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो संमत केला आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला. त्याने २००८ चा जुना विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचा कायदा रद्द केला. संशोधनाला पैसा देणारे प्रतिष्ठान (फाउंडेशन) या कायद्याने उभे राहिले; त्याच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष पंतप्रधान. रोजचा कारभार पाहणाऱ्या कार्यकारी परिषदेचे प्रमुख केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार. हिशेब कॅग तपासणार, वार्षिक अहवाल संसदेपुढे जाणार.

कायद्याची व्याप्ती मोठी आहे. गणितासह निसर्गविज्ञाने, अभियांत्रिकी, पर्यावरण व भूविज्ञान, आरोग्य, शेती. मानव्यविद्या आणि समाजशास्त्रे मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाला जिथे भिडतात तेवढीच. म्हणजे पांडवलेण्यांचा निव्वळ इतिहास लिहायला येथून पैसा मागणे अवघड. पण त्या दगडाची झीज कशाने होते, पाणी कुठून झिरपते, याचा अभ्यास या चौकटीत बसतो. पैनगंगेचे पाणी, किनवट-माहूरचे सागवान, कोरडवाहू कापूस हे विषयही बसतात.

मराठवाड्याने असा अभ्यास बाहेरून येताना पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे दहा हजार माणसे गेली. जमिनीखाली काय आहे हे पाहायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर काळा बेसाल्ट आणि त्याखाली अतिप्राचीन खडक! काम मोलाचे होते, त्यात शंका नाही. पण २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हाही लोकांना उत्तर द्यायला जवळचा अभ्यासक हवा होता.

असा अभ्यासक घडवायचा तर पैसा हवा. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये हा प्रतिष्ठानचा आराखडा. त्यातले १४,००० कोटी केंद्राचे, बाकीचे ३६,००० कोटी उद्योग, दानशूर व अन्य बिगरसरकारी स्रोतांतून. इथेच खरी अडचण आहे. उद्योग आपल्या कामाच्या संशोधनाला पैसा देतील, ते स्वाभाविकच. पैनगंगेच्या पाण्यासाठी कोण देईल? त्या विषयांचा भार सरकारी वाट्यानेच उचलायला हवा.

प्रतिष्ठानच्या ‘पेअर’ योजनेत नामांकित संस्था केंद्रस्थानी आणि तिच्याभोवती इतर संस्था अशी जोडणी आहे. पहिला टप्पा केंद्रीय व राज्य विद्यापीठे, निवडक एनआयटी आणि ट्रिपल आयटी यांच्यासाठी. महाविद्यालयांची पाळी नंतर. तोवर माहूरच्या प्राध्यापकाला विद्यापीठाच्या आधारानेच पुढे जावे लागेल.

तेव्हा नांदेडच्या विद्यापीठाने प्रस्ताव लिहिताना माहूर, किनवट, औसा अशा दूरच्या कॉलेजांतील प्राध्यापकांना सहसंशोधक म्हणून सोबत घ्यावे, त्यांना उपकरणे वापरू द्यावीत. आणि त्या प्राध्यापकांनीही कायद्याची प्रत मिळवून वाचावी; ती इंडिया कोडवर मोफत आहे.