तान्ह्या मुलाचा पासपोर्ट आणि घरचीं छायाचित्रें

तान्ह्या मुलास घेऊन परदेशीं जाण्याचा योग आला, म्हणजे सामानाच्याहि आधीं मुलाच्या छायाचित्राची काळजी सुरू होते. आईबापांच्या पासपोर्टावर त्यास नेतां येत नाहीं. त्यास स्वतःचा पासपोर्ट लागतो. भारतांत ४ वर्षांखालील मुलाचें छायाचित्र पालकांनींच काढून न्यावें लागतें. तें ४.५ सेंटिमीटर उंच व ३.५ सेंटिमीटर रुंद असावें, आणि मागें पांढरा पट असावा. चित्रांत मूल एकटेंच हवें. आईचा हात, उशी, खुळखुळा, कांहींहि दिसतां कामा नये.

पण ज्यानें अद्यापि मान धरलेली नाहीं, त्यास एकटें बसवावें कसें? उपाय सोपा आहे. खिडकीजवळ, परंतु ऊन थेट पडणार नाहीं अशा जागीं, पांढरी चादर ताणून अंथरावी, मुलास तीवर उताणें निजवावें आणि कॅमेरा बरोबर वरून धरावा. आपली सावली चेहऱ्यावर पडूं देऊं नये. झबलें रंगीत असावें; पांढरें चादरींत मिसळून जातें. दूध पिऊन मूल समाधानानें पडलेलें असतें, ती वेळ उत्तम. गालावरची तीट आजीची समजूत घालून तेवढ्यापुरती पुसावी, कारण चेहरा आहे तसा दिसावा हाच नियमाचा हेतु आहे.

पूर्वीं असा दंडक नव्हता. ब्रिटिश पासपोर्टांत १९१५ च्या सुमारास छायाचित्रें आलीं, तेव्हां सबंध कुटुंबाचें एकत्र चित्रहि चालत असे. पुढें अनेक देशांत मुलाचें नांव आईच्या किंवा बापाच्या पासपोर्टांत नोंदलें जाई. परंतु नुसत्या नांवावरून मूल ओळखतां येत नाहीं. त्याच वयाचें दुसरें मूल सीमेपार नेणें दुष्टांस सोपें जातें. म्हणून युरोपीय संघानें २६ जून २०१२ पासून प्रत्येक मुलास स्वतंत्र पासपोर्ट आवश्यक केला. एकट्या मुलाचें तें रुक्ष चित्र त्याच्या रक्षणासाठींच असतें.

मात्र तान्ह्या मुलाचा चेहरा टिकत नाहीं. पासपोर्ट बहुधा ५ वर्षांचा असतो. तिसऱ्या महिन्यांतलें चित्र आणि चार वर्षांचें मूल यांत साम्य शोधावें लागतें. म्हणून जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवावी. आई किंवा बाप एकटाच मुलासह निघाला असेल, तर दुसऱ्याचें संमतिपत्रहि घ्यावें. कांहीं देशांत तें मागतात.

घरच्या छायाचित्राचें काम याहून निराळें आहे. मूल कोणाचें, कोणाच्या मांडीवर वाढलें, हें त्यानें सांगावयाचें असतें. एकोणिसाव्या शतकांत चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. मूल हलूं नये म्हणून आई त्यास धरून बसे, आणि तिच्यावर कापड पांघरून तिला झांकीत. तशीं चित्रें आजहि पाहावयास मिळतात. आतां कापड गेलें. पण प्रवासाच्या शेंकडों चित्रांत कॅमेरा हातीं असलेली आई बहुधा कोठेंच नसते.

तेव्हां वाटेंत एखाद्या सहप्रवाशाला विनंती करून तिघांचें चित्र अवश्य काढून घ्यावें. पासपोर्ट-तपासणीच्या जागीं मात्र कॅमेरा बंद ठेवावा. तेथें बहुधा मनाई असते. आणि निघण्यापूर्वीं मुलास आजी-आजोबांच्या मांडीवर देऊन एक चित्र घ्यावें, तें कागदावर छापून मागें नांवें, गांव व तारीख लिहावी. पासपोर्टावरील चित्र ५ वर्षांनीं पुन्हां काढतां येतें; हें मागाहून काढतां येईलच असें नाहीं.