जहाजाला बांधलेला पतंग

उत्तरायणाला वडोदऱ्यात गच्चीवर चढणाऱ्याच्या बोटांना भौतिकशास्त्रातली एक गोष्ट पुस्तकाआधी कळते. पतंग आकाशात एका जागी स्थिर असला की मांजा नुसता ताणलेला असतो; पण त्याला वळवून झपकन गोता मारू दिला, की तोच मांजा बोटात रुततो. वारा तोच, कागद तोच. मग हा जादा जोर आला कुठून?

तो पतंगाच्या स्वतःच्या वेगातून आला. झेपावणाऱ्या पतंगाला लागणारा वारा वाढलेला असतो, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट तर ओढ चौपट, तिप्पट तर नऊपट! माइल्स लॉइड या अमेरिकी अभियंत्याने १९८० साली याचं गणित मांडलं, ते पतंगापासून वीज करण्यासाठी. पण जी ओढ जनित्र फिरवेल, ती जहाज का नाही ओढणार?

जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे नेमक्या आपल्या पतंगांच्या दिवसांत, ‘बेलुगा स्कायसेल्स’ हे १३२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज जर्मनीहून व्हेनेझुएलाला निघालं, ते नाळेला १६० चौरस मीटरचा पतंग बांधून. दोर एकच. पतंगाखाली लटकलेली यंत्रपेटी त्याला इंग्रजी आठच्या आकड्यात सतत फिरवत ठेवते. ढील आणि खेच संगणक सांभाळतो. समुद्राच्या पृष्ठाशी घासून वारा मंदावतो, शंभर-दोनशे मीटर वर तो मोकळा असतो. पतंग तिथे पोचतो, शीड पोचत नाही. शिवाय डोलकाठी नाही, म्हणून डेकवरची जागा मालाला मोकळी.

वडोदऱ्याला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांनी बिलिमोऱ्याला सुमारे ५० जहाजांचं आरमार ठेवलं होतं. त्यातली बरीचशी व्यापारी, शिडाची. पुढे १९२६ मध्ये संस्थानाचं ओखा बंदर सुरू झालं. योगायोग असा, की त्याच वर्षी अँटन फ्लेटनर या जर्मन संशोधकाचं एक चमत्कारिक जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलं. त्यावर शिडांच्या जागी दोन उंच नळकांडी गरगर फिरत होती. फिरत्या नळकांड्याच्या एका बाजूने वारा वेगाने जातो, दुसऱ्या बाजूने अडखळतो, आणि नळकांडं आडवं ढकललं जातं. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो तोही याच कारणाने. इंधन स्वस्त होतं, म्हणून या करामतीकडे फार कोणी वळलं नाही.

आता वळताहेत, कारण जगाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के जहाजं सोडतात. ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर ३० मीटर उंचीची दोन नळकांडी बसवली, तर वर्षभरात ८.२ टक्के इंधन वाचलं. चार लाख टनी ‘सोहार मॅक्स’वर तशी पाच आहेत.

माझं मन पतंगाकडे ओढ घेतं, पण सध्या बाजी नळकांड्यांची आहे. ती फिरवायला थोडी वीज लागते, पण बटण दाबलं की काम सुरू. पतंग मात्र भर समुद्रात उडवायचा आणि उतरवायचा असतो, आणि वारा समोरून आला की तो गुंडाळून ठेवावा लागतो. बेलुगा कंपनी २०११ मध्ये बुडाली, पण पतंगवाले हटलेले नाहीत: फ्रान्सच्या ‘एअरसीज’चं जहाजी पतंगांचं काम २०२४ मध्ये जपानच्या ‘के लाइन’ने विकत घेतलं.